खिडकीला टांगायचा पाण्याचा कूलर आणि जुन्या मोटारींतील हवेची इतर दुर्मीळ साधने

फ्लीटमास्टर_नारायणपेठ
१८ फेब्रुवारी, रात्री ९.४०

नमस्कार. आमच्या घरी १९४८ सालची शेवरोले फ्लीटमास्टर आहे. आजोबा तिला शेवटपर्यंत 'शेवरलेट' म्हणत आणि घरात अजूनही तेच नाव चालते. मागच्या वर्षी नारायण पेठेतला वाडा रिकामा करताना पोटमाळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली एक वस्तू सापडली. पत्र्याचा आडवा, गोल, साधारण पाऊण हात लांबीचा डबा आहे. त्याचे एक तोंड उघडे असून त्यावर जाळी आहे. कुशीला चौकोनी झरोका असून त्यात हलवता येतील अशा तीन पट्ट्या आहेत. वर पाणी ओतायचे झाकण, तळाशी पाणी सोडायची चकती आणि झरोक्याच्या बाजूला, म्हणजे आतल्या माणसाच्या हाताशी येईल अशी, कडी बांधलेली एक दोरी आहे. दोरी ओढली की आतले जाळीचे पिंप अर्धवट फिरते. त्यावर पूर्वी काय गुंडाळलेले होते ते सांगता येत नाही, कारण हाती आला तो फक्त काळा भुगा.

हा मोटारीच्या खिडकीला टांगण्याचा पाण्याचा कूलर आहे, एवढे मी शोधून काढले. वडील तेव्हा लहान होते. त्यांना इतकेच आठवते की सोलापूरच्या वाटेवर पेट्रोलपंप आला की आजोबा खाली उतरून तांब्याने त्यात पाणी ओतत आणि मग मागच्या सीटवर बसलेल्या आजीला विचारत, "आता बरं वाटतंय का?" आजीला धाप लागत असे. तेवढ्यासाठी आजोबांनी हा कूलर कोणाकडून तरी मिळवला होता. तो पुन्हा चालता करावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझ्यापुढे तीन अडचणी आहेत. पहिली आणि मोठी अडचण अशी, की हा कूलर अमेरिकेतल्या गाडीसाठी बनलेला आहे. तिथे चालक डावीकडे बसतो, त्यामुळे कूलर उजव्या खिडकीला लागतो आणि त्याचा झरोका डाव्या कुशीला आहे. आपल्याकडे चालकाशेजारची खिडकी डावीकडे येते. तिथे तो लावायला गेलो तर झरोका रस्त्याकडे होतो. उलटा फिरवून झरोका आत घेतला तर हवा घ्यायचे तोंड मागे जाते. दुसरी अडचण म्हणजे उजव्या दाराची पुढची तिकोनी काच चालत्या गाडीत आपोआप मिटते. तिसरी अशी, की समोरच्या काचेच्या पायथ्याशी बॉनेटमागे जी झडप उघडते, तिच्यातून पावसाळ्यात पाणी थेट पायावर पडते. मागच्या मालकाने ती सिलिकॉन भरून कायमची बंद केली होती आणि मला ती पुन्हा उघडायची आहे.

जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

---

सहा_व्होल्ट
१८ फेब्रुवारी, रात्री ११.०५

आपले मनापासून अभिनंदन. अशी वस्तू पुण्यात मी आजवर दोनदाच पाहिली आहे, आणि त्यांतल्या एकीच्या आतले पिंपच गायब होते.

या वस्तू दुर्मीळ का झाल्या ते थोडक्यात सांगतो. मोटारीत यंत्राने थंड केलेली हवा कारखान्यातूनच मिळण्याची सोय पॅकार्ड या अमेरिकन मोटारकंपनीने १९४० च्या मॉडेलपासून दिली. पण ती अतिशय महाग होती. तिचा थंड करणारा भाग मागच्या डिकीत बसत असे, आणि काँप्रेसरला क्लच नसल्यामुळे तो बंद करायचा तर बॉनेट उघडून पट्टा काढावा लागे. सामान्य माणसाला ते परवडणारे नव्हते. त्यामुळे तीसच्या दशकापासून पन्नाशीच्या अखेरपर्यंत अमेरिकेच्या वाळवंटी पट्ट्यात हे टांगते कूलर पुष्कळ चालले, त्यांत थर्माडोर हे नाव सर्वांत परिचित. पुढे एअर कंडिशनर स्वस्त झाले आणि लोकांनी कूलर भंगारात टाकले. पाणी सतत आत असल्यामुळे पत्रा आतून गंजतो, म्हणून उरलेल्यांतलेही बहुतेक तळाशी फुटलेले असतात. आपला तळ आधी तपासा. आत उजेड ठेवून बाहेरून अंधारात पाहिले की भोके लगेच दिसतात.

आपली गाडी बहुधा शिवडीच्या कारखान्यात जुळवलेली असणार. शेवरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सचा तिथला कारखाना १९२८ ते १९५४ पर्यंत चालू होता आणि पश्चिम भारतातल्या पुष्कळशा शेवरोले तिथूनच बाहेर पडल्या. कूलर मात्र तिथला नव्हे. अशा वस्तू कोणी परदेशातून येताना सामानात आणल्या, तेवढ्याच आपल्याकडे आल्या.

---

मुळाकाठ
१९ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

तिन्ही अडचणींचा एकत्र विचार करावा असे मला वाटते, कारण ती तीन साधने म्हणजे एकच व्यवस्था आहे. आपण ती सुटी सुटी पाहतो म्हणून त्यांच्याकडून काम होत नाही.

गाडी पुढे जाते तेव्हा तिच्या अंगावर सगळीकडे हवेचा दाब सारखा नसतो. समोरच्या उभ्या काचेच्या पायथ्याशी हवा अडते आणि तिथे दाब वाढतो. आपली झडप नेमकी त्याच जागी आहे, म्हणून ती जेमतेम दोन बोटे उघडली तरी पायांवर जोराचा झोत येतो. याउलट पुढच्या खांबाच्या मागे, दाराच्या कडेने वारा वेगाने निसटतो आणि तिथे दाब कमी होतो. तिकोनी काच तिथे आहे. ती थोडीशी उघडली की तिची मागची कड बाहेर येते, तिच्या मागे पोकळी तयार होते आणि गाडीतली हवा बाहेर ओढली जाते. तीच काच काटकोनाच्या पुढे फिरवली की उलटे होते, म्हणजे बाहेरचा वारा पकडून ती तोंडावर आणून सोडते. एकाच काचेची ही दोन वेगळी कामे आहेत. वडीलधारी माणसे सिगारेट ओढताना ती काच बोटभर उघडत असत, याचे कारण हेच.

जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाने १९३३ च्या गाड्यांत ही काच 'नो ड्राफ्ट व्हेंटिलेशन' या नावाने आणली. त्याआधी हवा हवी असेल तर मोठी काच खाली घ्यावी लागे किंवा समोरची काच बिजागरीवर पुढे ढकलावी लागे. पुढे १९६४ च्या अखेरीस फोर्डने कॉर्टिनात 'एरोफ्लो' आणले. त्यात डॅशबोर्डच्या गोल झरोक्यांतून हवा आत येई आणि मागच्या खांबातल्या जाळीतून बाहेर जाई. जनरल मोटर्सनेही १९६८ च्या कॅमॅरोतून तिकोनी काच काढून टाकली. आपल्याकडे मात्र अँबॅसडर आणि फियाटच्या पुढच्या दारांत ती पुढेही टिकली, म्हणून चाळिशीच्या पुढच्या प्रत्येक पुणेकराच्या बोटांना ती खिट्टी आठवते.

आता कूलरविषयी. तो एअर कंडिशनरसारखा नाही. तो बाहेरचीच हवा ओली करून आत ढकलतो. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट ठेवली नाही तर नवी हवा आत येणारच नाही. सगळ्या काचा बंद करून बसणे ही या कूलरच्या बाबतीत होणारी सर्वांत मोठी चूक आहे. कूलर ज्या कोपऱ्यात असेल त्याच्या तिरक्या समोरची तिकोनी काच बोटभर उघडी ठेवावी आणि बॉनेटमागची झडप बंद ठेवावी, कारण तिच्यातून येणारी कोरडी गरम हवा सगळे काम वाया घालवते.

म्हणून मी असे सुचवतो, की कूलर मागच्या उजव्या दाराला लावा. तिथे त्याचे तोंड पुढे आणि झरोका आत, दोन्ही बरोबर येते. पुढच्या डाव्या दाराची तिकोनी काच हवा बाहेर ओढेल आणि थंड हवा संपूर्ण गाडीतून तिरकी जाईल. आजी मागच्याच सीटवर बसत असत, असे आपण लिहिले आहे. आजोबांनीही बहुधा हेच केले असावे.

---

फ्लीटमास्टर_नारायणपेठ
१९ फेब्रुवारी, सकाळी ८.०२

आपला प्रतिसाद वाचून खाली गेलो आणि मागच्या उजव्या दाराची काच पूर्ण खाली घेऊन पाहिली. पट्टीच्या आतल्या कडेला, रंगाच्या थराखाली, दोन जागी पत्रा दबलेला आहे. कूलरच्या आकड्यांमधले अंतर मोजले तर ते तंतोतंत जुळते. वडिलांना दाखवल्यावर ते बराच वेळ तिथे हात ठेवून उभे होते.

---

रबर_आणि_काच
१९ फेब्रुवारी, दुपारी १.३०

तिकोनी काच आपोआप मिटणे हा दोष सोपा आहे, पण बहुतेक मेकॅनिक तो चुकीच्या जागी शोधतात. ते खिट्टी बदलतात. खिट्टी फक्त काच बंद ठेवते. उघडलेली काच धरून ठेवायचे काम खालच्या खुंटीवरची स्प्रिंग करते. दाराच्या आतले पॅड काढा आणि टॉर्चच्या उजेडात खाली पाहा. काचेच्या चौकटीची खुंटी खाली उतरलेली दिसेल. तिच्यावर स्प्रिंग, वॉशर आणि नट असतात, आणि नट सुटू नये म्हणून पातळ पत्र्याची पाकळी दुमडलेली असते. ती पाकळी सरळ करून नट एका वेळी पाव फेराच आवळावा आणि दर वेळी काच हाताने फिरवून पाहावी. एकदम आवळल्यास वरची खुंटी पिळली जाते. ती चौकटीशी जिथे जोडलेली असते तिथला जस्ताचा ओतीव भाग सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी ठिसूळ झालेला असतो आणि तो तुटला तर जोडता येत नाही.

त्या ओतीव भागांविषयी कळकळीने सांगतो, की क्रोमसाठी ते कोणाच्याही हाती देऊ नका. माझ्या मॉरिस या जुन्या ब्रिटिश गाडीच्या दोन्ही खिट्ट्या मी एका ठिकाणी दिल्या होत्या. तिथे लोखंडी भागांबरोबरच त्या आम्लात बुडवल्या आणि परत आल्या तेव्हा त्यांवरची नक्षी विरघळून गुळगुळीत गोळे उरले होते. पैसे परत मिळाले, खिट्ट्या मिळाल्या नाहीत. जस्ताच्या भागावरचे जुने क्रोम आणि निकल काळजीपूर्वक उतरवून, खड्डे एकेक कोरून साफ करून, आधी तांब्याचा थर चढवावा लागतो. तो घासून सपाट करायचा, पुन्हा चढवायचा आणि मगच निकल व क्रोम द्यायचे. हे काम वेळखाऊ आहे आणि ते करणारे फार थोडे उरले आहेत. भागाची अवस्था बरी असेल तर तो साबणाच्या पाण्याने धुऊन मेण लावून तसाच ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

काच बदलायची वेळ आली तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. टेम्पर्ड काच तयार झाल्यावर कापता येत नाही, तिचा चुरा होतो. लॅमिनेटेड काच मात्र कागदाच्या नमुन्यावरून कापून कडा घासून घेता येते. जाडी जुन्या काचेइतकीच हवी, नाहीतर पन्हळीत ती बसत नाही.

रबर बाजारात मीटरवर मिळते, पण तिकोनी काचेच्या रबराचा कोपरा साच्यातून काढलेला असतो. रविवार पेठेत सरळ पट्टी घेऊन कोपऱ्यात दुमडली की पहिल्याच पावसात तिथून पाणी येते. पट्टी पंचेचाळीस अंशांत कापून उष्णतेने सांधून घ्यावी. रबर ईपीडीएमचे, म्हणजे ऊन-पाऊस सोसणारे कृत्रिम रबर, मागावे. साधे रबर पुण्याच्या उन्हात दोन-तीन वर्षांत तडकते.

---

गुलमोहर_कर्वेनगर
१९ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.५०

बॉनेटमागच्या झडपेविषयी माझा अनुभव असा आहे, की रबर नवे घालूनही पाणी येतच राहिले. मग लक्षात आले की थोडे पाणी तिथे येणारच, असे धरूनच ती रचना केलेली आहे. झडपेभोवती पन्हळ असते आणि त्या पन्हळीतून एक नळी खाली जाऊन पाणी रस्त्यावर सोडते. माझी गाडी गुलमोहराखाली उभी असते. मे महिन्यात फुलांच्या पाकळ्या आणि त्या बारीक पानांचा चुरा पन्हळीत साचून जूनपर्यंत त्याचा लगदा झाला होता आणि नळी ठार बंद होती. सायकलची जुनी ब्रेकची तार नळीतून वरून खाली घातल्यावर करंगळीएवढा काळा बोळा बाहेर पडला, आणि त्यानंतर पावसाचा एक थेंब आत आला नाही.

सिलिकॉन काढताना धारदार पाते वापरू नका. लाकडी पाचर आणि केरोसीनचा बोळा पुरतो, फक्त वेळ लागतो. त्याच्या खाली गंज असणारच. तो न काढता वर रबर चिकटवले तर दोन वर्षांत पत्रा फुटेल.

---

सहा_व्होल्ट
२० फेब्रुवारी, रात्री १०.२०

विषय हवेचा आहे, तर पंख्यांविषयीही थोडे लिहितो, कारण त्यांच्या बाबतीत लोक हमखास नुकसान करून घेतात.

जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी कधीतरी डॅशबोर्डवरचा छोटा पंखा मिळतो. काहींना जाळीच नसते आणि पाती रबराची असतात, म्हणजे बोट लागले तरी इजा होत नाही. असा रबरी पात्यांचा पंखा शाबूत मिळाला तर तो सोडू नये. रबर कडक झालेले असेल तर मात्र चालवून पाहू नये, पाते तुटून उडते.

पंखा घेताना आधी व्होल्ट पाहावेत. फ्लीटमास्टर सहा व्होल्टची आहे आणि शेवरोले बारा व्होल्टवर १९५५ च्या मॉडेलपासून गेली. बारा व्होल्टचा पंखा सहावर लावला तर तो हळू फिरेल, एवढेच. सहाचा पंखा बारावर लावला तर काही मिनिटांत जळेल. त्यानंतर अर्थिंग पाहावे. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. जुन्या पंख्यांच्या मोटरमध्ये चुंबकाऐवजी तारेची गुंडाळी असते. तिची जोडणी उलट केली तरी दोन्ही चुंबकक्षेत्रे एकदमच उलटतात आणि पंखा त्याच दिशेने फिरतो. आजकाल ट्रकच्या सामानाच्या दुकानात मिळणाऱ्या पंख्यात कायमचे चुंबक असते. तो उलटा जोडला की उलटा फिरतो आणि हवा तोंडाऐवजी काचेकडे फेकतो. नाना पेठेतून नवा पंखा आणून मॉरिसला लावला आणि 'हवाच येत नाही' म्हणून परत केला, असे मी तीन वेळा पाहिले आहे. दोन तारांची अदलाबदल करायची, एवढेच काम होते. पंख्याची बॉडी मात्र गाडीच्या पत्र्यापासून अलग आहे याची आधी खात्री करावी, नाहीतर शॉर्ट होईल.

पावसाळ्यात हाच पंखा समोरच्या काचेकडे वळवला की तिच्यावरची वाफ जाते. आपल्याकडे हीटर निरुपयोगी म्हणून काढून टाकतात, तेही चूक आहे. बोरघाट चढताना इंजिन तापू लागले की हीटर पूर्ण उघडावा आणि काचा खाली घ्याव्यात. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच असतो.

---

पर्वती_पायथा
२१ फेब्रुवारी, सकाळी ११.१०

एक सूचना. कूलर बसवण्यासाठी दाराला किंवा खांबाला भोके पाडू नयेत. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या दुचाकी व चारचाकी गाड्या व्हिंटेज म्हणून वेगळ्या नोंदता येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीला ५,००० रुपये शुल्क आहे, नोंदणी १० वर्षे चालते आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. अट अशी आहे, की गाडी मूळ रूपात असावी आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नसावा. चार भोकांनी ती अट मोडेल असे मी म्हणत नाही. पण आकड्यांवर टांगायची वस्तू आकड्यांवरच टांगावी, आणि या गाडीला तर तिची जागाही आधीच माहीत आहे.

दुसरे असे, की व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, तेव्हा चाचणीचा दिवस त्या हिशेबाने ठरवावा.

---

वाळा_आणि_माठ
२२ फेब्रुवारी, दुपारी ४.००

आतल्या पिंपावर पूर्वी बहुधा लाकडाचा बारीक कीस असावा. अमेरिकेत तोच वापरत. आपल्या घरच्या कूलरच्या जाळ्यांतही तोच असतो आणि मंडईजवळ तो सहज मिळेल. माझी मात्र अशी विनंती आहे, की आपण वाळा वापरून पाहावा. वाळ्याच्या मुळ्या वर्षानुवर्षे भिजल्या तरी लवकर कुजत नाहीत, आणि उन्हाळ्यात दाराला वाळ्याचे ताटे लावून त्यावर पाणी मारण्याची रीत आपल्याकडे मोटारीच्याही आधीपासून आहे. मुळ्या आधी रात्रभर भिजत घालून माती धुऊन काढा, नाहीतर पहिल्या दिवशी तांबडे पाणी सीटच्या कापडावर उडेल आणि तो डाग जात नाही. थर एका बोटापेक्षा जाड करू नका. जाड थरातून वारा जातच नाही.

पाणी नळाचेच घाला. बोअरच्या पाण्यातला क्षार मुळ्यांवर पांढरा बसतो आणि महिन्याभरात त्यांची काटकी होते. काम झाले की उरलेले पाणी त्याच दिवशी सोडून द्या आणि पिंप उन्हात वाळवा.

---

मुळाकाठ
२२ फेब्रुवारी, रात्री ८.४५

वाळ्याची कल्पना उत्तम आहे. कूलरकडून किती अपेक्षा ठेवावी, याचा हिशेबही इथे मांडतो, म्हणजे निराशा होणार नाही.

एक लिटर पाणी हवेत मिसळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषून घेते. तासाला एक लिटर पाणी उडाले तर ते साधारण ६७० वॉटच्या शीतकरणाइतके होते. पण हवा किती कोरडी आहे यावर सगळे अवलंबून आहे. पुण्यात एप्रिलच्या दुपारी तापमान ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक सुमारे २१ अंश दाखवतो. ही आपली खालची मर्यादा. साधा कूलर या अंतराच्या साठ-सत्तर टक्के मजल मारतो, म्हणजे झरोक्यातून २६ ते २८ अंशांची हवा मिळावी. मुंबईत मे महिन्यात ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर तीच मर्यादा २८ अंशांवर असते, आणि वर घाम वाळत नाही. म्हणून हे साधन घाटावरचे आहे. घाट उतरला की झडप उघडावी आणि कूलर काढून डिकीत ठेवावा. जूननंतर पुण्यातही त्याचा उपयोग नाही.

वजनही लक्षात घ्या. पूर्ण भरल्यावर आत चार-एक लिटर पाणी असेल, म्हणजे पाण्याचेच चार किलो झाले. तो भार काचेवर घेऊ नका. काच पूर्ण खाली, आकडे दाराच्या पत्र्यावर आणि मध्ये जुन्या ट्यूबचा रबरी तुकडा.

---

फ्लीटमास्टर_नारायणपेठ
१६ एप्रिल, रात्री ९.१५

मंडळी, दोन महिन्यांनी लिहितो आहे. झालेले सगळे सविस्तर सांगतो.

तळाला सात भोके निघाली. कसब्यात तांबट आळीतल्या एका वयस्कर कारागिरांकडे डबा नेला. त्यांनी जुना पत्रा न कापता आतून तांब्याचा पातळ तळ ठोकून बसवला, कडा कथिलाने सांधल्या आणि बाहेरून मूळ रंगाला हातही लावला नाही. काम करताना त्यांनी डबा कानाशी धरून लाकडी हातोडीने हलके ठोके मारत ऐकून पाहिले आणि आठवी जागा दाखवली. ती मला उजेडातही दिसली नव्हती.

तिकोनी काच नटाच्या अडीच पाव फेरांत जागेवर थांबू लागली. झडपेखाली गंज निघाला, पण पत्रा फुटलेला नाही. पन्हळीच्या नळीतून मात्र पाकळ्यांच्या ऐवजी चिंचेची टरफले निघाली. वाड्याच्या दारात चिंच होती.

परवा मंगळवारी वडिलांना मागे बसवून सासवडमार्गे जेजुरीपर्यंत जाऊन आलो. चाचणीसाठी मुद्दाम दुपारची वेळ निवडली. बाहेर ३८ अंश आणि आर्द्रता १८ टक्के होती. सासवडच्या पुढे मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या वेगाने झरोक्यापाशी २७.५ अंश, मागच्या सीटवर ३१ आणि माझ्याजवळ पुढे ३४ अंश भरले. डावी तिकोनी काच बंद केली तेव्हा पाच मिनिटांत मागच्या सीटवर ३४ झाले आणि दमट वाटू लागले. पुन्हा बोटभर उघडल्यावर ते उतरले. दिवे घाट चढताना वेग २० वर आला. तेव्हाही झरोक्यातली हवा गारच होती, पण ती इतकी मंद येत होती की मागे ३५ पर्यंत चढले. चढावर या कूलरकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही, हे खरे. तासाला साधारण दीड लिटर पाणी लागले. दर दहा-बारा मिनिटांनी दोरी ओढावी लागते. उशीर झाला की वाळ्याचा वास कमी होतो आणि तेवढ्यावरून कळते.

एक सावधगिरी सर्वांसाठी. कूलर दारापासून २२ सेंटिमीटर बाहेर येतो आणि आपल्याकडे उजवीकडूनच गाड्या पुढे जातात. हडपसरपर्यंत तो मी डिकीतच ठेवला आणि वाहतूक विरळ झाल्यावर बाजूला थांबून लावला. गावातून तो लावून जाऊ नये. पुढच्या डाव्या खिडकीसाठी याच मापाचे, पण झरोका उजव्या कुशीला असलेले नवे कवच तांबट काकांना सांगितले आहे. आतले पिंप दोन्हीकडे चालेल. मूळ डबा मागच्या दारासाठीच राहील.

सासवडच्या पंपावर मी पेट्रोल भरत असताना वडील स्वतः उतरले. त्यांनी घरून तांब्या आणला होता, हे मला तोवर माहीत नव्हते.

---

वाळा_आणि_माठ
१६ एप्रिल, रात्री ९.५०

फार बरे वाटले. वाळा उन्हात वाळवताना उलटून ठेवा, म्हणजे मुळ्या पिंपाला चिकटणार नाहीत.

---

मुळाकाठ
१७ एप्रिल, सकाळी ६.३०

काच बंद केल्यावर तीन अंश चढले, ही नोंद अतिशय मोलाची आहे. नवे कवच तयार झाल्यावर ते पुढच्या डाव्या दाराला लावून उजवीकडची मागची काच दोन बोटे उघडी ठेवा आणि त्याच रस्त्यावर तीच मापे पुन्हा घ्या. जेजुरीला मीही येईन, माझ्याकडे दुसरा तापमापक आहे.